शेजारून आलेलं नाताळचं ताट

प्रश्न : आम्ही मोशीत, बोऱ्हाडेवाडीच्या एका सोसायटीत राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये श्रीरामपूरकडचं एक ख्रिस्ती कुटुंब आहे. काका चाकणला कंपनीत जातात, काकू घरी शिवणकाम करतात. दर नाताळला काकू फराळाचं ताट आणून देतात : करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि केक. वॉचमनदादांना, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनाही तसंच झाकलेलं ताट जातं. गेल्या वर्षी काकांचं कंत्राट संपून काम सुटलं होतं, तरी ताट आलं आणि काकूंचा चेहरा नेहमीपेक्षा फुललेला होता. सासूबाई म्हणतात, दिवाळीला आपण दिलं होतं, त्याची ही फेड. मला तसं वाटत नाही. नाताळात देण्याला एवढं महत्त्व कुठून आलं? यांचा फराळ आपल्या दिवाळीसारखाच कसा? स्वतःची ओढाताण असताना देऊन एवढा आनंद कसा होतो? आणि ताट परत करताना त्यात काय घालावं? माझ्या तिसरीतल्या मुलीचा प्रश्न वेगळाच आहे : सांताक्लॉज खरा होता का?
— एक वाचक, मोशी

उत्तर : लेकीला आधी उत्तर देते, लहान माणसाला ताटकळत ठेवू नये. तिला सांगा, हो, निकोलस नावाचा माणूस होता. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर मायरा नावाचं शहर होतं, तिथला तो बिशप. त्याच्याबद्दल एक आख्यायिका आहे, आणि ती आपल्याकडच्या कोणत्याही आईला लगेच कळेल. एका गरीब बापाला तीन मुली होत्या. हुंड्याला पैसे नव्हते, म्हणून लग्नं अडली होती आणि पोरींच्या नशिबी काय येईल या काळजीनं बापाची झोप उडाली होती. निकोलस रात्री आला, खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकली आणि अंधारात निघून गेला. असं तीनदा केलं. ६ डिसेंबर हा त्याच्या सणाचा दिवस. हॉलंडमधल्या लोकांनी त्याला ‘सिंटरक्लास’ म्हटलं, ते नाव त्यांच्यासोबत अमेरिकेत गेलं आणि तिथं त्याचं सांताक्लॉज झालं. आज आपण बघतो तो गोल पोटाचा, पांढऱ्या दाढीचा आजोबा बऱ्याच अंशी टॉमस नास्ट या चित्रकारानं १८६३ पासून काढलेल्या चित्रांमधून घडला.

कथा आख्यायिकाच आहे, पण तिच्यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. निकोलस रात्री का आला? त्या बापाला दिवसाढवळ्या मान खाली घालावी लागू नये म्हणून. देणाऱ्यानं घेणाऱ्याची लाज राखली. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातही हेच सांगितलं आहे, की दान असं द्यावं की उजव्या हाताचं देणं डाव्या हातालाही कळू नये. तुमच्या काकू ताट झाकून आणतात ना? त्या रुमालामागं ही जुनी शिकवण आहे.

आता फराळाचं. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत ‘नाताल’ म्हणजे जन्माचा सण. पाव, बटाटा, चावी हे शब्दही त्यांच्याकडूनच घेतले आणि ते इतके आपले झाले की परके होते हे आठवतही नाही. गोव्यात नाताळला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे नेवऱ्या, कुळकुळं, दोदोल यांनी भरलेलं ताट पाठवतात, त्याला ‘कोन्सुआद’ म्हणतात. ते हिंदू शेजाऱ्यांकडेही जातं, आणि चतुर्थीला त्यांच्याकडून नेवऱ्या येतात.

पण श्रीरामपूरकडची गोष्ट गोव्याची नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं. त्यानंतरच्या शंभरएक वर्षांत नगर, जालना, सोलापूर या पट्ट्यातली जी गावकरी कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यांनी श्रद्धा बदलली, चूल बदलली नाही. सण म्हटला की कढई चढणार, करंजीत खोबरं पडणार. डिसेंबरात गुऱ्हाळं चालू असतात, नवा गूळ घरात आलेला असतो, थंडीत तळणीचं बरं वाटतं. केक नंतर आला, तो करंजीच्या शेजारी बसला आणि करंजी जागची हलली नाही. प्रार्थनेतही तेच झालं. पेटी, तबला, टाळ घेऊन भजन, आणि कीर्तनकार उभं राहून येशूचं आख्यान लावतो अशी ख्रिस्ती कीर्तनं नगर भागात एकोणिसाव्या शतकापासून होत आली आहेत. म्हणून काकूंचा फराळ दिवाळीची नक्कल आहे असं समजू नका. तो त्यांचाच, त्यांच्या आजीच्या हातचा फराळ आहे.

इथं मला रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण काढायलाच हवी, कारण तुम्ही मोशीत राहता. तुकारामांच्या देहूहून आळंदीला जाणारा रस्ता तुमच्या गावातून जातो. कवी टिळक म्हणत, की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. तो पूल मनातला खरा, पण तुम्हाला तो दाखवायला कुठं लांब जायला नको. आणि टिळकांचा तो प्रवास एका भेटीतून सुरू झाला. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीच्या डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले, गप्पा झाल्या, उतरताना त्यांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी वाचायचं वचन दिलं आणि पाळलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं त्यांनी मराठीत शेकडो भजनं लिहिली, आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ती गायली जातात. डब्यातल्या त्या गृहस्थांना त्यांच्या देण्याचं काय झालं, हे कधी कळलं असेल का?

सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळते. आपल्याकडे फेडीची रीत आहे आणि ती वाईट नाही. लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवायचा, त्यांच्या घरच्या कार्यात तेवढा, किंवा थोडा जास्त, परत करायचा. गावगाडा अशाच देवाणघेवाणीवर चालला. पण नाताळचं देणं या वहीत बसत नाही, त्यामागची श्रद्धा वेगळी आहे. देवानं आधी दिलं, स्वतःचा पुत्र दिला, आणि तोही राजवाड्यात नव्हे तर गोठ्यात, जनावरांच्या गव्हाणीत ठेवून दिला, असा ख्रिस्ती माणसाचा विश्वास आहे. गव्हाण काय असते हे मोशीच्या जुन्या घरांना सांगायला नको, इथल्या कितीतरी आजोबांनी कडब्याची पेंढी तिच्यात टाकली आहे. हे देणं एवढं मोठं, की त्याची फेड शक्यच नाही. मग माणूस काय करतो? मिळालेलं पुढं देतो. फेड मागच्या दाराकडे जाते, नाताळचं ताट पुढच्या दाराकडे. म्हणून ते तुमच्याकडे आलं, तसंच दिवाळीला ज्यांनी काकूंना काही दिलं नसेल त्या वॉचमनदादांकडेही गेलं.

हे पुढं देणं काय असतं, ते आपल्या पुणे जिल्ह्यातच बघायला मिळतं. दौंडच्या वाटेवर केडगाव स्टेशन लागतं, तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत देशभर फिरले. १८७० नंतरच्या दशकात दुष्काळ आणि उपासमार यांत आईवडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले आणि पायी चालत राहिले. ज्या पोरीनं भूक अशी पोटात भोगली, ती पुढं संस्कृतची पंडिता झाली, इंग्लंडला गेली, १८८३ मध्ये तिथं ख्रिस्ती झाली, अमेरिकेत व्याख्यानं दिली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनमधल्या लोकांनी रमाबाई असोसिएशन काढली आणि भारतातल्या विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षं उचलायचं कबूल केलं. त्यांतल्या बहुतेकांनी हिंदुस्थान कधी पाहिलाही नव्हता. त्या आधारावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं.

मग १८९६ चा दुष्काळ पडला. रमाबाई बैलगाड्या घेऊन दुष्काळी मुलुखात गेल्या आणि रस्त्याकडेला पडलेल्या मुली, विधवा उचलून केडगावला आणल्या. १९०० पर्यंत मुक्तीत दीड हजारांच्या आसपास माणसं राहत होती. विचार करा, रोज दीड हजार ताटं. बोस्टनचं देणं बोस्टनला परत गेलं नाही, केडगावच्या पंगतीत वाढलं गेलं. आणि लहानपणी रमाबाईंना जे मिळालं नव्हतं, तेच त्यांनी सगळ्यांत जास्त दिलं. मला वाटतं, उदारपणाचं याहून मोठं उदाहरण आपल्या भाषेत सापडायला कष्ट पडतील.

तुम्ही विचारता, ओढाताण असताना कसं देववतं? शुभवर्तमानात एक गरीब विधवा आहे. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंत लोक मोठाल्या रकमा टाकत होते, तिनं दोन लहान नाणी टाकली. येशू शिष्यांना म्हणाला, सगळ्यांत जास्त हिनं दिलं, कारण बाकीच्यांनी उरलेल्यातलं दिलं आणि हिनं पोटाचं दिलं. काकूंच्या घरी ही कथा लहानपणापासून ऐकलेली असणार. रविवारच्या अर्पणाच्या थैलीत मुलांच्या हातूनही नाणं टाकून घेतात, ते याचसाठी. काम सुटलं त्या वर्षी करंज्या कदाचित थोड्या कमी भरल्या असतील, पण ताट चुकवायचं नाही असं त्यांनी ठरवलं असणार. वाईट वर्षाच्या शेवटीसुद्धा उपकारस्तुती करायची, म्हणजे जे टिकलं त्याबद्दल देवाचे आभार मानायचे, अशी मंडळीत रीत आहे. घरदार, पोरंबाळं, शिवणयंत्र, समोरचं शेजारघर हे सगळं टिकलं होतं की.

थोड्यातून देण्याची ही समज केवळ ख्रिस्ती घरांची नाही, हेही सांगायला हवं. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात हे खरं. पण आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनीही गावोगावच्या बायकांना हेच सांगितलं, की दळण घालताना मूठभर धान्य पोरांच्या वसतिगृहासाठी काढा. त्या मुष्टिफंडावर गरिबांची मुलं जेवली आणि शिकली. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसा फंड उभारला आणि १९०८ मध्ये त्यातून तळेगाव दाभाडेला काचेचा कारखाना सुरू झाला. आज चाकण-तळेगाव पट्ट्यात हजारो कोटींची यंत्रं धडधडतात, पण या पट्ट्यातला एक जुना कारखाना लोकांच्या एकेका पैशावर उभा राहिला होता, ही गोष्ट तिथल्या प्रत्येक कामगाराच्या मुलाला माहीत असायला हवी.

आनंदाबद्दल मात्र पुस्तकातून सांगण्यापेक्षा पाहिलेलं सांगते. कार्तिकीची यात्रा आळंदीला भरते, नाताळच्या काही आठवडे आधी. एका कार्तिकीला पहाटे मी देहू-आळंदी रस्त्यावर होते. धुकं होतं, इंद्रायणीकडून गार वारा येत होता. एक बाई घरापुढं टेबल मांडून वारकऱ्यांना चहा देत होती. प्रत्येकाला कप दिला की ती वाकून त्याच्या पाया पडायची. फाटक्या चपलेतल्या, धुळीनं भरलेल्या पायांना. मी तिला विचारलं, मावशी, चहा तुम्ही देता आणि पाया पण तुम्हीच पडता? ती म्हणाली, मग, त्यांनी घेतला ना.

त्यांनी घेतला ना. या तीन शब्दांवर मी किती दिवस विचार करत होते. देणाऱ्याचा आनंद त्याच्या देण्यात अर्धाच असतो, उरलेला अर्धा घेणाऱ्याच्या हातात असतो. त्यानं हात पुढं केला नाही, तर करंजी ताटात तशीच राहते आणि देणारा दारात उभा.

हे पुण्याइतकं कोणत्या गावाला ठाऊक असेल? १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या पोर्तुगीज ख्रिस्ती शिपायांसाठी देऊळ बांधायला जागा दिली. नाना पेठेत क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च त्याच जागेवर आहे. पेशव्यांनी दिलं, ख्रिस्ती शिपायांनी घेतलं, शहराला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिथून फार लांब नाही, गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचं पवित्र नाम देवालय आहे, १८८५ चं. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथं एका व्याख्यानाला पुण्यातली नामवंत मंडळी जमली. व्याख्यानानंतर मिशनच्या लोकांनी पाहुण्यांपुढं चहा आणि बिस्किटं ठेवली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हातात धरून खाली ठेवला. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. बैठक घडवून आणणाऱ्या गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात वादळ उठलं. ग्रामण्य झालं, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद पेटला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. रानड्यांसारख्या सुधारकालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं आणि त्यांचे अनुयायी त्यामुळे दुखावले. एवढं सगळं कशावरून, तर एका घरानं आलेल्या माणसाला चहा विचारला आणि आलेल्यानं तो घेतला. द्यायला कोणाची हरकत नव्हती, जे झालं ते घेण्यावरून झालं.

कवी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचं आयुष्य हेच सांगतं. नाशिकजवळ जलालपूरला त्यांचं माहेर. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून घरात आलेलं सगळं धुऊन घ्यायचं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परतल्या, पण चूल स्वतंत्र ठेवली. आणि एके दिवशी एकट्या बसून विचार करताना त्यांच्या मनानं घेतलं, की जातिभेद देवानं केलेला नाही, माणसानं केला आहे, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवून टाकलं. हा निर्णय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना मला तर हाच त्यांच्या आयुष्याचा खरा उंबरठा वाटतो. पुढं त्यांच्या घरात अनाथ, आजारी, दुष्काळात सापडलेली माणसं येत राहिली, आणि त्या सगळ्यांना त्यांनी हातानं जेवू घातलं. आधी त्या घ्यायला शिकल्या होत्या.

एक गोष्ट मनाला लागते ती बोलूनच टाकते. डिसेंबर आला की चाकण, मोशी, भोसरी भागात कामगारांच्या वस्त्यांवर ब्लँकेट वाटायला गाड्या येतात. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात जण झोपणाऱ्या पोरांना ब्लँकेट लागतंच, ते द्यायलाच हवं. पण ब्लँकेट हातात देऊन फोटोसाठी थांबवून ठेवतात तेव्हा त्या पोरांच्या माना खाली जातात, आणि मला निकोलसची ती खिडकी आठवते. तुमच्या सोसायटीतून यंदा काही द्यायचं झालं, तर संध्याकाळी, शिफ्ट सुटल्यावर, कॅमेरा घरी ठेवून द्या.

आता राहिलं ताट. रिकामं ताट परत देऊ नये ही आपली पद्धत, ती पाळा. पण महागाचं काही आणू नका, नाहीतर सासूबाई म्हणतात तशी ती फेडच होईल आणि पुढच्या वर्षी काकूंवर भार पडेल. घरात असेल तो गूळ घाला, मूठभर शेंगदाणे घाला, गॅलरीतल्या कुंडीतली कोथिंबीर असेल तर तीही चालेल. मग तीनच आठवड्यांनी संक्रांत आहे, तेव्हा तिळगूळ घेऊन जा, लेकीला सोबत न्या आणि ताट तिच्या हातून द्या.

आणि ताट दारातूनच देऊन मागं फिरू नका. चपला काढून आत जा, घटकाभर बसा. काकू चहा टाकते म्हणतील, तेव्हा आपल्या सवयीप्रमाणे ‘नको, आत्ताच झाला’ असं म्हणू नका. हो म्हणा, आणि सासूबाईंनाही बोलावून घ्या.